खुलासा : विंडफॉल टॅक्स आणि पंपावरचं पेट्रोल

‘विंडफॉल टॅक्स रद्द झाला, तरी लिटरमागे 6 रुपये पंपवाले लाटतात, हाच पैसा कंपन्यांचा सीएसआर होता’ असा मेसेज ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे. (विंडफॉल टॅक्स म्हणजे कंपन्यांना अचानक झालेल्या जादा नफ्यावरचा कर; सीएसआर म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायचा खर्च.)

1 जुलै 2022 ला केंद्राने हा कर लावला तो देशात काढलेल्या कच्च्या तेलावर (टनामागे 23,250 रुपये) आणि इंधनाच्या निर्यातीवर : पेट्रोल 6, डिझेल 13, विमान इंधन 6 रुपये लिटर. अर्थ मंत्रालयाने त्याच दिवशी स्पष्ट केलं होतं की देशातल्या विक्रीवर याचा बोजा नाही. म्हणजे तुमच्या पावतीत तो कधी नव्हताच. निर्यातीच्या पेट्रोलवरचे ते 6 रुपये तर त्याच महिन्यात काढले. उरलेला कर 2 डिसेंबर 2024 ला गेला. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण ‘विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क’ याच नावाचा वेगळा कर पंपावरच्या पेट्रोलवरही असतो.

सीएसआरचा इथे संबंध नाही. कंपनी कायदा 2013, कलम 135 नुसार पात्र कंपन्या आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान 2 टक्के स्वतः खर्च करतात.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.