मोठे आरपीजी व्हीआरमध्येच आले पाहिजेत म्हणणाऱ्यांना उत्तर

गेले काही दिवस सांगली-मिरजेच्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. पाठवणारा बदलतो, मजकूर तोच. मोठ्या आरपीजींचा, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याचे निर्णय घेत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमांचा, स्क्रीनवरचा जमाना संपला, इथून पुढं असला प्रत्येक गेम व्हीआरसाठीच, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट बांधून आत शिरल्यासारखं खेळायच्या व्हर्च्युअल रिॲलिटीसाठीच, बनवला पाहिजे, आणि नको म्हणणारे जुन्याला चिकटून बसलेत. खाली सहा कारणं दिलीत. मला आरपीजी जीव तोडून आवडतात आणि व्हीआर पण आवडतं, म्हणूनच एकेका कारणाला उत्तर द्यायला बसलोय, कारण त्या मेसेजमधलं खरंच झालं तर दोन्हींचं वाटोळं होईल असं मला वाटतं.

पहिलं कारण असं की "व्हीआरमध्ये तुम्ही स्वतः त्या जगात असता, म्हणून खरं रोल-प्लेइंग तिथंच."

त्या जगात असता हे शंभर टक्के खरं. हेडसेट घातला की समोरचा ड्रॅगन केवढा मोठा आहे ते मान वर करताना कळतं, कितीही इंचाच्या टीव्हीवर ते कळत नाही. पण तिथं जाऊन उभं कोण राहतं? तुम्हीच. तुमची उंची, तुमचे हात, आणि तुमचा दंड जेवढा फिरेल तेवढीच तलवार फिरणार. विचर ३ मध्ये तसं नाही, तिथं मी गेराल्टला, म्हणजे त्या गेमच्या नायकाला, बाहेरून बघतो, तो घोड्यावरून उतरतो कसा, एखाद्या गावकऱ्याशी बोलताना किती तुटक बोलतो, आणि हे सगळं बघून मी ठरवतो की हा माणूस इथं काय करेल. मी काय करेन हा प्रश्नच वेगळा. आपण नाट्यपंढरीतली माणसं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीतास्वयंवर उभं केलं तेव्हापासून हे गाव नाटक बघतंय, आणि आपल्याला कुणी शिकवायला नको की मागच्या रांगेत बसलेल्या माणसाच्या पण डोळ्याला पाणी येतं. त्यालाच उचलून रंगमंचावर नेऊन उभा केला तर तो जास्त रडेल असं काही नाही, उलट आपल्या हातापायांचं करायचं काय याच चिंतेत तो पडेल.

आणि याहून मोठी गोष्ट आहे आकड्यांची. आरपीजीत पात्राची ताकद, चपळाई, बोलण्याची हातोटी हे सगळं आकड्यात लिहिलेलं असतं, आणि माझ्या अंगात त्यातलं काहीही नसलं तरी पात्राच्या अंगात असतं. माझा एक मित्र आहे, उजव्या हातात लहानपणापासून जोर कमी. तो बाल्डर्स गेट ३ डाव्या हातानं, नुसत्या माऊसवर खेळतो आणि त्याचं पात्र आहे दोन हातांची कुऱ्हाड फिरवणारा बार्बेरियन. गेम टर्न-बेस्ड आहे, म्हणजे पाळीपाळीनं चालतो, विचार करायला पाहिजे तेवढा वेळ मिळतो, कुऱ्हाड लागली का नाही ते फासा ठरवतो. हाच गेम तुम्ही व्हीआरमध्ये नेऊन "आता हाताने कुऱ्हाड फिरव" म्हणालात की त्याचं पात्र तिथंच मेलं. फासा काढून मनगट आणलं तर तो गेम ॲक्शनचा होतो, चांगला होईल कदाचित, पण आरपीजीच्या मुळाशी जे होतं ते गेलं. आता फासा ठेवला आणि हात पण फिरवायला लावला तर अजून विचित्र होतं, तलवार डोळ्यांसमोर शत्रूच्या छातीतून आरपार जाते आणि गेम म्हणतो नेम चुकला!

बाल्डर्स गेटमध्ये चार जणांची टोळी असते, वरून कॅमेरा असतो, यातल्या कुणाच्या डोळ्यातून बघायचं हेही मेसेजवाल्यांनी सांगावं. डिस्को एलिसियम (२०१९) तर सगळा वाचायचा गेम आहे, दहा लाखांच्या वर शब्द आहेत त्यात. हेडसेटमध्ये एवढं वाचून बघा. क्वेस्ट ३ सारख्या चांगल्या हेडसेटला एका अंशात साधारण पंचवीस पिक्सेल पडतात, धडधाकट डोळा साठच्या आसपास ओळखू शकतो, म्हणून अक्षरं कायम थोडी भरभरीत दिसतात. शिवाय लेन्सचा फोकस एका ठरलेल्या अंतरावर बांधलेला असतो, वस्तू जवळ आली की दोन्ही डोळे आत वळतात पण फोकस जागेवरच राहतो, त्याचा ताण येतो तो वेगळाच.

दुसरं कारण, "स्कायरिम व्हीआरने हे सिद्ध केलंय."

स्कायरिम हा मोठा आरपीजी स्क्रीनवर आला नोव्हेंबर २०११ मध्ये, व्हीआरचा अवतार आला २०१७ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशनवर आणि २०१८ मध्ये पीसीवर. म्हणजे सहा वर्षं जुना, आधीच विकून पैसे वसूल झालेला गेम उचलून व्हीआरमध्ये आणला. त्यात तुमचं शरीरच नव्हतं, हवेत हात तरंगायचे, मेन्यू तेच जुने, तलवारीला वजन नाही, नुसतं मनगट हलवलं तरी लांडगा मरायचा. आज लोक ज्या स्कायरिम व्हीआरचं कौतुक करतात तो मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले बदल, टाकलेला असतो, व्हीआरआयके टाकलं की अंग दिसतं, हिग्ज टाकलं की वस्तू हातात धरता येतात, आणि असे ढीगभर मॉड बसवायला अख्खा रविवार जातो. ज्यांनी ते मॉड फुकटात करून दिले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एक गेम चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून उभा केला, यावरून सगळ्या कंपन्यांनी सगळे गेम तिकडं न्यावेत हे कसं काय सिद्ध होतं ते मला समजत नाही.

उलट जो गेम सगळ्यात जास्त पुढं केला जातो तो हाफ-लाइफ ॲलिक्स, मार्च २०२० चा. तो पहिल्यापासून व्हीआरसाठीच विचार करून केला, आणि म्हणूनच त्यात काय काय नाही ते बघा. बारा-पंधरा तासांत संपतो, वेग मुद्दाम कमी ठेवलाय, आणि हाफ-लाइफची ओळख असलेली पहार त्यात नाही, गेम करणाऱ्या व्हॅल्व्ह कंपनीने ती करून बघितली आणि काढून टाकली, कारण हातातली लांबडी वस्तू जगात कुठंही अडकते पण तुमच्या खऱ्या हाताला अडवणारं काहीच नसतं. म्हणजे ज्यांना व्हीआर सगळ्यात जास्त कळतं त्यांनीच काठी-तलवारीची मारामारी बाजूला ठेवली, आणि आरपीजीत अर्धा वेळ आपण तलवारच चालवत असतो.

तिसरं कारण वाचून मात्र मला राग आला. "चक्कर येते वगैरे बहाणे आहेत, चार दिवसांत सवय होते."

बहाणे नाहीत हो. पसरणी घाटातून पाचगणीला जाताना एसटीत गाडी लागते ती का लागते? कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण वळतोय, हलतोय, आणि डोळे समोरच्या सीटवर नाहीतर मोबाईलवर असतात, ते म्हणतात हलत नाही. मेंदूला दोघांचा मेळ लागत नाही आणि मळमळतं. व्हीआरमध्ये बरोब्बर याच्या उलट, डोळे म्हणतात आपण घोड्यावर दौडतोय आणि कान म्हणतो आपण विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये उभे आहोत. काहींना सवय होते हे खरं आहे, पण काहींना होतच नाही, आणि ज्यांना होत नाही त्यांच्यात कमकुवत असं काही नसतं. यावर उपाय म्हणून टेलिपोर्ट करून, म्हणजे एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी मारून चालायचं, झटक्या-झटक्यानं वळायचं, पळताना कडेचा भाग काळा करायचा असल्या युक्त्या निघाल्यात, त्या चालतात पण. आता सांगा, आरपीजीतलं सगळ्यात मोठं सुख कुठलं? डोंगरमाथ्यावर उभं राहून लांबचा किल्ला दिसतो आणि आपण चालत निघतो. तेच चालणं टेलिपोर्टच्या उड्यांत कापून टाकलं तर ते एवढं मोठं जग बनवलं कशाला? शिवाय ज्याला तिरळेपणामुळे किंवा एका डोळ्याच्या त्रासामुळे वस्तूंची जवळ-लांब अशी खोली जाणवत नाही त्याला तर व्हीआरचा मुख्य फायदाच मिळत नाही, स्क्रीनवर मात्र तो तुमच्या-माझ्यासारखाच खेळतो.

आणि वेळेचा हिशोब. क्वेस्ट ३ ची बॅटरी दोन-सव्वादोन तास, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर, ते सगळं तोंडावर. एप्रिल-मेमध्ये सांगलीत फुल स्पीडच्या पंख्याखाली सुद्धा कपाळाचा फोम भिजून चिंब होतो. शंभर तासांचा गेम असा खेळायचा?

"हेडसेट आता स्वस्त झालेत" हे चौथं.

क्वेस्ट ३एस २०२४ मध्ये ३०० डॉलरला आला, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर, आणि इथं बाहेरून मागवायचा तर कस्टम आणि मधल्या माणसाचा वाटा वेगळा. तरी समजा घेतला. त्यात आहे मोबाईलच्या जातीची चिप, तिच्यावर सायबरपंक २०७७ सारखा गेम जसाच्या तसा चालणार नाही, त्याला पीसी लागणार. मग साधा गुणाकार करा. आपल्यातले बहुतेक जण १०८० पी च्या स्क्रीनवर सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, मिळावीत म्हणून धडपडतात, म्हणजे एका फ्रेमला वीस-एकवीस लाख पिक्सेल. क्वेस्ट ३ ला एका डोळ्याला २०६४ गुणिले २२०८, दोन डोळ्यांचे मिळून ९१ लाख, हे ४के पेक्षा पण जास्त झालं, आणि चक्कर येऊ नये म्हणून ९० फ्रेम पाहिजेत. सेकंदाला साधारण साडेसहापट पिक्सेल झाले. स्क्रीनवर फ्रेम पडल्या तर आपण चिडतो आणि खेळत राहतो, हेडसेटमध्ये पडल्या तर पोटात ढवळतं. इथली कॉलेजची पोरं अजून जीटीएक्स १६५० या साध्या ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपवर सेटिंग लो करून खेळतात, आणि तेवढ्यावर पण विचर ३ झकास चालतो! त्या पोरांना दाराबाहेर काढायचं आणि वर याला प्रगती म्हणायचं, हे मला पटत नाही.

जागेचं पण तेच. गावभागातल्या जुन्या घरात एका खोलीत आजी झोपलेली, दुसऱ्या खोलीत अभ्यास चाललेला, तिथं हात पसरून फिरायला जागा कुठून आणायची? रात्री हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेल्या माणसाचा कुणाला त्रास नसतो. आमच्याकडे तर धाकटा भाऊ शेजारी बसून बघतो, "याला सोड, मारू नको" म्हणून भांडतो, आणि अर्धे निर्णय त्याचेच असतात. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर टाकता येतं हे मला माहितीये, पण खेळणाऱ्याचे डोळे झाकलेले असताना शेजारी बसून गप्पा होत नाहीत.

पाचवं, "कंपन्या भित्र्या आहेत, म्हणून करत नाहीत."

बाल्डर्स गेट ३ करायला सहा वर्षं आणि चारशेच्या वर माणसं लागली. पीसी गेम विकणाऱ्या स्टीमच्या दर महिन्याच्या हार्डवेअर सर्व्हेत हेडसेटवाले दोन टक्क्यांच्या आसपास असतात. तेवढा खर्च करून एवढ्याच लोकांना विकायचं असं कुणी ठरवलं नाही तर त्याला भित्रेपणा म्हणता येत नाही. आणि धाडस केलंच नाही असंही नाही. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटाच्या व्हीआर विभागाने एकट्या २०२४ मध्ये १७ अब्ज डॉलरच्या वर तोटा सोसला. डिसेंबर २०२३ मध्ये आलेला ॲसगार्ड्स रॅथ २ हा खराखुरा मोठा व्हीआर आरपीजी, साठ तासांच्या वरचा, आणि चांगला आहे, ज्यांच्याकडे हेडसेट आहे त्यांनी जरूर खेळावा. पण तो करणारा सांझारू हा स्टुडिओ मेटाने जानेवारी २०२६ मध्ये बंद केला. एवढं चांगलं काम केलेल्या माणसांचं हे झालं याचं मला फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच "सगळ्यांनी तिकडंच चला" हे ऐकवत नाही. एखादी मोठी आरपीजी कंपनी अशी बुडाली तर तिच्याबरोबर तिची पुढची सगळी जगं बुडतात.

सहाव्यावर जास्त बोलत नाही. "मूकपट जाऊन बोलपट आले तसं हे होणारच आहे." थ्रीडी टीव्हीबद्दल पण २०१० च्या सुमाराला हेच म्हणत होते, २०१७ पर्यंत मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं सोडलं. बोलपट आला तेव्हा प्रेक्षकाला डोक्यावर काही बांधावं लागलं नव्हतं.

मग व्हीआरवाल्यांनी मागायचं काय? पहिली गोष्ट, जो गेम आधीच पात्राच्या डोळ्यातून दिसतो त्यात व्हीआर जोडीला द्या. नो मॅन्स स्कायने ऑगस्ट २०१९ मध्ये ते अपडेटमधून फुकट दिलं, स्क्रीनवाले आणि हेडसेटवाले एकाच जगात खेळतात, कुणाचं काही गेलं नाही.

आणि दुसरी, व्हीआरसाठी वेगळे आरपीजी मागा, त्याच्या अंगाला बसतील असे. हजार मैलांचं जग नको. समजा अजिंक्यताऱ्याएवढा एकच किल्ला, वेढा पडलेला, आत आठ-दहा माणसं आणि त्यातला एक फितूर. लांब चालायचं काही नाही, तलवार क्वचित, बसून खेळता येईल आणि एका हाताने पण खेळता येईल असं. समोरचा किल्लेदार हातभर अंतरावर बसून तुमच्या डोळ्यात बघत खोटं बोलतोय, आणि तो नजर कधी चुकवतो हे तुम्ही पकडायचं. पाऊण-पाऊण तासाचे भाग, सगळा मिळून दहा तासांत संपणारा. असलं काहीतरी स्क्रीनवर तेवढं जमणार नाही, व्हीआरमध्येच जमेल, आणि त्यासाठी चारशे माणसं पण लागणार नाहीत. असा गेम कुणी करत असेल तर तो मेसेज फिरवा, मी पण पुढं पाठवतो.