पूरक गोळीची ट्रायल कशी घ्यावी: हमखास यशाचा मार्ग

कॅन्सर हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर, शहाळ्यांच्या गाडीशेजारी हल्ली एक चकचकीत पत्रक वाटतात. गेल्या आठवड्यात ते पुन्हा हातात आलं. ‘केमोसोबत घ्यायचा नैसर्गिक इम्युनिटी कोर्स. क्लिनिकल ट्रायलमध्ये सहभागी व्हा, पेशंटसाठी खास सवलतीच्या दरात!’ सवलतीच्या दरात ट्रायल. वाचून अंगाचा तिळपापड होतो, पण धंदा वाढणारच आहे तर निदान शिस्तीत वाढू दे. तुम्हीही एखादी गोळी, चूर्ण किंवा काढा घेऊन या पुण्यकार्यात उतरणार असाल, तर पुढचं नीट वाचा.

सगळ्यात आधी प्लासिबोचं खूळ डोक्यातून काढा. एकाला तुमची गोळी, दुसऱ्याला तश्शीच दिसणारी रिकामी गोळी, आणि कुणाला काय मिळालं ते पेशंटलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. असला उपद्व्याप हवा कशाला? कुणी विचारलंच तर सांगा, हळदीचा पिवळा रंग आणि अश्वगंधाचा वास लपवता येत नाही हो. अपारदर्शक कॅप्सूल बाजारात पोत्याने मिळतात, हे त्यांना सांगायची गरज नाही.

तुलनेचा गट दाखवावाच लागला तर चिठ्ठ्या टाकू नका. ज्यांना गोळी परवडते, जे स्वतःच्या पायांनी चालत येतात, ज्यांच्यासोबत घरचं माणूस असतं, ते गोळीच्या गटात. उरलेले दुसऱ्या गटात. निकाल आत्ताच लिहून ठेवला तरी चालेल. मलेशियात स्तनांच्या कॅन्सरच्या १०० स्त्रियांवर अश्वगंधाचा असा अभ्यास झाला होता, तोही प्लासिबोशिवाय आणि चिठ्ठ्यांशिवाय. संशोधकांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. जाहिरातीत फक्त ‘थकवा कमी झाला’ एवढंच पोचलं. बघा, निम्मं काम दुसऱ्यांनीच करून ठेवलंय.

आता खरी कला, मोजण्याचा दिवस. केमोची सायकल २१ दिवसांची असेल तर थकव्याचा पहिला फॉर्म तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरून घ्या, पेशंट अंथरुणात असतो तेव्हा. दुसरा फॉर्म पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी भरायचा. तोवर तो आपोआप उठून बसलेला असतो. पांढऱ्या पेशींचंही तसंच. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या तळाला जातात आणि एकविसाव्यापर्यंत बऱ्याचशा वर येतात. मधल्या काळात पांढऱ्या पेशी वाढवणारं फिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन पडलं असेल तर उत्तमच, पण रिपोर्टात त्याचा उल्लेख नको. दोन आकड्यांमध्ये एक बाण काढा आणि वर लिहा, ‘प्रतिकारशक्तीत वाढ’. बाण हिरवा असू द्या.

ट्यूमर मार्कर, म्हणजे कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, खाली आणायचाय? कोर्समध्ये ‘केसांसाठी’ म्हणून १० मिलिग्रॅम बायोटिन हे व्हिटॅमिन टाका. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, पण तो मुद्दा नाही. काही लॅबमधल्या यंत्रांची चाचणीच बायोटिनवर चालते, रक्तात ते जास्त झालं की मार्कर खोटाच कमी दिसतो. गाठ जागच्या जागी, कागदावर मात्र चमत्कार.

एकाऐवजी वीस गोष्टी मोजा: झोप, भूक, वजन, मूड, तोंडाची चव. गोळीत काहीही नसलं तरी वीसपैकी एखादी तरी ‘सिग्निफिकंट’, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये अशी, निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. तेवढीच छापा.

मध्येच सोडून जाणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न नवख्यांना छळतो. उत्तर सोपं आहे, मोजायचंच नाही. समजा, ६० जणांना गोळी दिली आणि ३५ जणांनी तीन महिन्यांचा कोर्स पुरा केला. उरलेल्या २५ पैकी कुणी उलट्यांनी बेजार झालं, कुणी आयसीयूत गेलं, कुणाला गावी नेलं ते परत आलंच नाही. ‘कोर्स पूर्ण करणाऱ्या पेशंटमध्ये’ असा शब्दप्रयोग करा आणि त्यांचं आयुर्मान गोळी न घेतलेल्या सगळ्यांशी ताडून बघा. तीन महिने गोळी घ्यायला आधी तीन महिने जगावं लागतं, हे वाचणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही.

सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी कराच. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, पण खोक्यावर नंबर छापला की लोकांना सरकारी शिक्का वाटतो. फक्त १ एप्रिल २०१८ पासून ट्रायल उरकल्यावर मागाहून नोंदणी करता येत नाही, तेवढी एक अडचण. आणि एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे ‘औषधी वापरासाठी नाही’ असं लेबलवर लिहावं लागतं. ते लिहा, घडीत दडेल अशा जागी.

पण काहीही झालं तरी मोठी ट्रायल घेऊ नका. मोठी, नीट, पेशंट आणि तपासणारा दोघांपासूनही झाकलेली ट्रायल घेतली की घात होतो. रेडिएशनमुळे जळणाऱ्या त्वचेवर हळदीतल्या कुरक्युमिनचं पाहा. ३० स्त्रियांमध्ये रोज ६ ग्रॅम दिलं, छान फरक दिसला, सगळीकडे छापून आलं. मग त्याच लोकांनी ६८६ जणींवर करून पाहिलं आणि फरक गायब. कशाला करायला गेले? १९७६ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉलिंग आणि डॉक्टर कॅमेरॉन यांनी व्हिटॅमिन सी घेतलेल्या १०० पेशंटची तुलना १००० जुन्या केसपेपरांशी केली आणि जगभर गाजले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये प्लासिबो समोर ठेवून रोज १० ग्रॅम तोंडावाटे दिलं. काहीही उपयोग नाही. आणि हे सौम्य निकाल झाले बरं का. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधांनी हातापायांना येणारा बधिरपणा टळावा म्हणून ४०९ स्त्रियांच्या ट्रायलमध्ये निम्म्या जणींना रोज ३ ग्रॅम असेटिल एल-कार्निटिन हे पूरक दिलं, २४ आठवडे. बधिरपणा टळला नाही, वाढला! प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त! आणि तीच कार्निटिनची गोळी आजही आपल्याकडे पेशंटच्या पिशवीत ‘नसांसाठी’ म्हणून सापडते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५४० पेशंटवर रेडिएशनच्या काळात अँटिऑक्सिडंट व्हिटॅमिनं देऊन पाहिली, त्यात व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट. आधी म्हणाले त्रास कमी झाला, मग हिशेब पूर्ण झाल्यावर कळलं की व्हिटॅमिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झालेत. रेडिएशन पेशी मारतं तेच मुळी ऑक्सिडेशनने, आणि आपण शेजारी उभे राहून अँटिऑक्सिडंट पाजतोय. एक हात आग लावतोय, दुसरा पाणी ओततोय, वर बिल दोन्हींचं!

म्हणून ३० पेशंटवर थांबा.

उंदीरही चालतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलच्या रेझव्हेराट्रॉल (द्राक्षांत असतं ते) आणि तांब्याच्या गोळीची बातमी आली. कॅन्सर परत येणं थांबतं हे फक्त उंदरांमध्ये तपासलंय, माणसांवरच्या चाचण्यांना पाच वर्षं लागतील, असं खुद्द तिथल्या डॉक्टरांनी त्याच वेळी सांगितलं होतं. व्हॉट्सॲपवर उरलं काय, तर ‘शंभर रुपयांत कॅन्सर बरा’.

आणि शेवटचं, पेशंटला बजावा की डॉक्टरांना सांगू नका, ‘ॲलोपॅथीवाले नाही म्हणतात’. हळद अंगी लागावी म्हणून तुम्ही तिच्यात मिऱ्यातलं पायपरिन घातलेलं असतं. तेच पायपरिन लिव्हरमधली औषधं पचवणारी यंत्रणा अडवतं. स्तनांच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेनची गोळी घेणाऱ्या बाईने कुरक्युमिन घेतलं तर रक्तातलं एन्डॉक्सिफेन, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारं औषध, घटतं. पायपरिनसोबत आणखी घटतं. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीवर असलेल्याला ‘रक्त वाढायला’ फॉलिक ॲसिडचा भरपूर डोस दिलात की जुलाब आणि तोंडातले फोड वाढतात. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी केली होती. आता असाच पेशंट केमोला येतो, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन तीनवर गेलेलं. सायकल पुढे ढकलली जाते. डॉक्टरांना वाटतं, केमोने झालं. डोस कमी करतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच. पुडी घरच्यांच्या पिशवीत, कुणी काढून दाखवत नाही, कारण तुम्ही सांगितलंय, दाखवू नका. औषधाला चांगला प्रतिसाद देणारा ट्यूमर, आणि औषध अर्धंच पोचतंय!

पुरे झाली थट्टा. पूरकांशी आमचं वैर नाही. पेमेट्रेक्सेड या केमोच्या औषधाच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्ये विषबाधेने माणसं दगावली, तेव्हा कारण शोधलं गेलं, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ जोडलं गेलं. आज ते औषध सुरू करण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि दर नऊ आठवड्यांनी १००० मायक्रोग्रॅम बी-१२ चं इंजेक्शन दिल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. व्हिटॅमिनच आहेत ती. फरक इतकाच की कुणीतरी मोजलं, आणि मोजताना पेशंटच्या खिशात हात घातला नाही.

ट्रायलचं औषध पेशंटला विकत नसतात. संशोधनाचा खर्च सहभागी माणसावर टाकू नये, हे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहे, आणि नसतं तरी कळायला हवं होतं. जो माणूस धर्मशाळेत झोपतो, ज्याने म्हैस विकून केमो लावली, त्याच्याकडून ‘सवलतीत’ पैसे घेता आणि त्याच्याच शरीरावर प्रयोग करता? प्लासिबो नाही, चिठ्ठ्या नाहीत, लिव्हरची तपासणी नाही, एथिक्स कमिटीचा कागद नाही, त्रास झाला तर फोन करायला नंबरसुद्धा नाही. पत्रकावर नंबर फक्त ऑर्डरचा आहे. त्याला ट्रायल म्हणू नका, फेरीवाल्याने लावलेला भाव म्हणा. आधी घेतलेले पैसे परत करा. गोळीत काय काय आणि किती आहे ते मिलिग्रॅममध्ये लिहून प्रत्येक पेशंटच्या डॉक्टरांकडे द्या. मग या, बसून प्लासिबो बनवू.