मांडी म्हणजे पट्टा नव्हे

न्यू जर्सीतल्या भाचीचा काल रात्री फोन आला. "मावशी, पिल्लूचं वेगळं तिकीट रद्द करतेय. मांडीवरच घेऊन जाईन." पिल्लू १४ महिन्यांचा, नेवार्क ते सॅन फ्रान्सिस्को प्रवास. घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, तो वाचून हे ठरलं. त्यात म्हटलंय: विमानाच्या खुर्चीवर कार सीट, म्हणजे बाळाला बांधून बसवायची पट्ट्यांची खुर्ची, लावणं ही पैशांची नासाडी. आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही. विमान पडलंच तर कोणीच वाचत नाही. सीट लगेजमध्ये टाका. हट्टच असेल तर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच बसवणारी बैठक, न्या.

कोणीच वाचत नाही? १९ जुलै १९८९ला युनायटेड या विमान कंपनीचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेतल्या सू सिटीला कोसळलं. विमानात २९६ माणसं होती, त्यातली १८४ वाचली. चार मुलं मांडीवरची होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे जॅन ब्राऊन या मुख्य हवाई सेविकेने आयांना सांगितलं, मुलांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा. धक्का बसला तशी मुलं हातून सुटली. एकाला आईने हवेतच पकडलं, पण दुसऱ्या आईला ते जमलं नाही आणि तिचा मुलगा गेला. त्या आईचं काही चुकलं नव्हतं. विमानाच्या आजच्या खुर्च्या गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट झटक्याला तपासतात. तेवढ्या झटक्यात १० किलोचं बाळ हातांना १६० किलोचं होतं. कुठल्या आईच्या हातात एवढा जोर असतो? जॅन ब्राऊन पुढे कित्येक वर्षं लहान मुलांना स्वतंत्र सीट सक्तीची करा म्हणून झगडल्या. आणि विमान पडायलाच हवं असंही नाही, हवेतल्या जोराच्या हिसक्यातही पट्टा नसलेलं माणूस वर छतावर आदळतं.

एक गोष्ट मान्य करते, नाइलाजाने. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेणं अमेरिकेत कायदेशीर आहे. अमेरिकेच्या विमान प्रशासनाने, म्हणजे एफएएने, सक्ती केली नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. जादा तिकीट परवडलं नाही तर लोक गाडीने जातील आणि रस्त्यावर जास्त जीव जातील, असा त्यांचा हिशोब होता. मांडी सुरक्षित आहे असं ते कधीच म्हणाले नाहीत. उलट कार सीटच वापरा, असं तेच सांगतात. आणि भाचीने पिल्लूचं तिकीट तर काढलेलंच आहे!

लगेजमध्ये सीट बहुतेक वेळा फुकट जाते, हे खरं. पण तिथे ती आपटते, आतून तडा गेला तर दिसत नाही, आणि उतरल्यावर टॅक्सीत बाळ त्याच सीटवर बसणार. बूस्टरचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. खांद्यावरचे पट्टे नसलेला बूस्टर विमान उडताना आणि उतरताना वापरूच देत नाहीत.

भाचीला एवढंच सांगितलंय: तिकीट राहू दे. कार सीटवर लाल अक्षरांत ती मोटारीसाठी आणि विमानासाठी प्रमाणित असल्याचं लिहिलेलं असतं, ते शोध आणि मला फोटो पाठव. जागा खिडकीची घे, आपत्कालीन दाराच्या रांगेतली किंवा तिच्या पुढची-मागची नको. मी फोटोची वाट बघतेय.