फुलवातींचा डबा

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वाचायची नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

संध्याकाळी मेडिकलमध्ये गेले होते, लेकाच्या खोकल्याचं औषध आणायला. माझ्यापुढे एक मावशी. नऊवारी नेसलेल्या, एक हात काउंटरवर टेकवलेला आणि अंगाचा सगळा भार त्या हातावर. "ती पिवळी दे रं. गुडघ्याची." पोरानं वर पाहिलंसुद्धा नाही. कानाला फोन लावूनच ड्रॉवर ओढला, कात्रीनं पट्टी कापली, दहा गोळ्या पाकिटात. चिठ्ठी राहू दे, पण बीपी आहे का, पोटात जळजळतं का, रोज घेता का? एक प्रश्न नाही. डायक्लोफेनॅक होती, दुखणं दाबणारी गोळी. मला ती पट्टी लांबून ओळखू येते. का येते, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची आवराआवर चालली होती. देवघराच्या खालच्या कप्प्यात सासूबाईंचा फुलवातींचा डबा असतो. उघडला, तर वर चार फुलवाती आणि खाली रिकाम्या पट्ट्या. नीट घड्या घालून, रबर लावून ठेवलेल्या. तेवीस होत्या, मी मोजल्या. भांडीवाल्या ताईंकडून गुपचूप मागवायच्या म्हणे. सकाळी एक, झोपताना एक, वर बीपीची गोळी होतीच. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.८. मूत्रपिंडं नीट चालत नसली की हा आकडा चढतो. आदल्या वर्षी ०.९ होतं. डॉक्टर आम्हाला म्हणाले, "घरात कुणाला माहीत नव्हतं?" त्या वेळी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. तरुणपणी शरीर सांभाळून घेतं. सत्तरीत, त्यातून बीपीची, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर नाही सांभाळून घेत. गिधाडं कशानं गेली आठवतंय ना? याच औषधानं. गुरांना टोचलेलं त्यांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं बसली. २००६ साली जनावरांसाठी ते बंद झालं. आता म्हणाल, माणूस म्हणजे गिधाड नव्हे. नव्हे, मान्य. डॉक्टरांनी बघून चार दिवस दिली तर ही गोळी वाईटही नाही, दुखणं खरंच उतरतं. पण चिठ्ठीशिवाय विकू नये असं त्या पट्टीवरच छापलेलं असतं हो! मग त्या कात्रीवाल्याला कुणी विचारायचं?

मी विचारलं. त्याला नाही, मावशींना. "मावशी, बीपीची गोळी चालू आहे का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्पच झाले. मग जरा थांबून म्हणाल्या, "लेकीकडं जायचंय बाई. दोन जिनं हाईत. हिच्याबिगर चढवत न्हाई."

आता यावर काय बोलणार? डॉक्टरची फी, तिथला अर्धा दिवस, सोबतीला माणूस. ती गोळी मिळते पाच मिनिटांत. त्यांचं काही चुकत नव्हतं.

रस्ताभर त्या पोराला शिव्या घालत आले आणि घराच्या पायरीशी आल्यावर तो फुलवातींचा डबा आठवला. त्या पट्ट्या आईंनी लपवल्या कशासाठी? त्या आधी सांगत होत्याच की. "गुडघा धरलाय गं." आणि आम्ही काय म्हणायचो? "आई, वय झालं आता, चालायचंच." मी स्वतः म्हटलंय. फोडणी देता देता, मान न वळवता. तीनदा असं ऐकल्यावर माणूस सांगायचं बंद करतो आणि डबा शोधतो.

आणि सल्ले तरी किती! एका नातेवाईकांनी कुठल्याशा वैद्याच्या पुड्या आणल्या, "आठ दिवसांत पळायला लागतील." अशा पुड्यांत कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं निघतं, म्हणून तर जादू होते. चेहरा सुजतो, साखर चढते आणि एकदम सोडलं तर वेगळीच आफत. दुसरे म्हणाले, गुडघा बदलून टाका, २०१७ पासून कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा आहे. आहे, आणि ज्यांचा पार झिजलाय त्यांनी जरूर करावं. पण आईंच्या मांडीत ताकदच उरली नव्हती, हे आधी कुणाच्या डोक्यात आलं? निर्गुडीच्या पाल्याचा शेक मात्र त्या अजून घेतात. घेऊ देत, शेकानं बरं वाटतंच.

फरक कशानं पडला सांगू? टॉवेलच्या गुंडाळीनं. फिजिओथेरपीवाल्या पोरीनं पाय लांब करून बसवलं, गुडघ्याखाली टॉवेल गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "आजी, हा खाली दाबा. पाच मोजेपर्यंत. मग सोडा." असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. बाहेर आल्यावर आई म्हणाल्या, "एवढ्यासाठी पाचशे रुपये?" पंधरा दिवस मलाही तसंच वाटत होतं. दीड महिन्यानं त्या खुर्चीच्या हाताला न धरता उठल्या. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. गोळ्या बंद झाल्या, क्रिएटिनिन १.३ वर आलं. फार दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल. संडासात कमोड बसवला. पाट जाऊन उंच स्टूल आलं. त्यावरून मात्र दोन दिवस अबोला होता, मेथी निवडायची ती खाली बसूनच म्हणे.

काठी अजून घेत नाहीत. "काठी घेतली की म्हातारी." छत्री घेतात. भर चैत्रात, कडकडीत मिटलेली छत्री टेकत देवळात जातात. डावा गुडघा दुखतो म्हणून छत्री उजव्या हातात धरायची, हे शिकवायला आठवडा लागला. सगळे दुखऱ्या बाजूलाच धरतात, तुमच्या घरातही बघा.

दुखणं पूर्ण गेलेलं नाही. थंडीत रात्री कण्हतात, मला ऐकू येतं. आता विचारते एवढंच.

त्या मावशींना टॉवेलचं सांगायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी खोकल्याचं औषध घेतलं आणि निघून आले.

आत्ता हे टाइप करतेय आणि बाहेरच्या खोलीतून मोजणं ऐकू येतंय. एक, दोन, तीन... तीनवरून थेट पाच. मालिका सुरू झालीय ना. थांबा, बघून येते.