लोणार घ्या, तिन्ही विषय एकत्र येतील

अकरावी-बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र एकत्र गुंफून शिकवावं, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. सुरुवात बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरापासून करा. बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं सुमारे १.८ किमी व्यासाचं आघाती विवर, म्हणजे गतिज ऊर्जेचा धडाच. पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास, तिथे कार्बोनेटचं रसायन आलं. जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधलं: पाणी आटून क्षारता वाढली आणि गुलाबी रंगद्रव्य बनवणारे मीठप्रिय हॅलोआर्किया सूक्ष्मजीव फोफावले. मुलांना हे किती आवडेल! शिक्षक तयार असतात हो, वेळापत्रक आडवं येतं. तिघांना मिळून आठवड्याला एक जोडतासिका द्या आणि त्या कामाला प्रात्यक्षिकाचे गुण ठेवा, नाहीतर सीईटीच्या धास्तीने मुलं तिकडे फिरकणार नाहीत.