परदेशातून येणारा पैसा घर सावरतो, देश घडवत नाही

२०२३मध्ये गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत स्थलांतरितांनी सुमारे ६५० अब्ज डॉलर पाठवले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. सरकारं हा आकडा मिरवतात. पण ही कुणाच्या तरी ओव्हरटाइमची कमाई आहे, सरकारचा महसूल नव्हे.

घराला हा आधार पक्का असतो. २००९च्या मंदीत परकी गुंतवणूक कोसळली, हा पैसा मात्र थोडाच घटला. पण लहान अर्थव्यवस्थेत एवढं परकी चलन शिरलं की स्थानिक चलन वधारतं, माल महाग पडून निर्यातदारांची गिऱ्हाइकं तुटतात, जमिनीचे भाव चढतात. सगळी भिस्त एकाच देशावर असली तर आणखी कठीण. ताजिकिस्तानातले बहुतेक स्थलांतरित रशियात कामाला जातात; २०१४-१५मध्ये रशियाचं चलन रूबल घसरलं आणि ताजिकिस्तानात येणारे डॉलर झपाट्याने आटले.

वाटेतली गळती तर मला अक्षम्य वाटते. २०० डॉलर पाठवायला सरासरी ६ टक्क्यांहून जास्त खर्च येतो. संयुक्त राष्ट्रांनी २०३०पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं ठरवलंय. ‘शून्य शुल्क’ या जाहिरातीला भुलू नका, खरी कमाई विनिमय दरात दडलेली असते. एकच रक्कम एकाच वेळी दोन-तीन सेवांवर टाकून बघा आणि घरच्यांच्या हातात किती पडतात तेवढंच ताडून पाहा. शुल्क ठरावीक असेल तर दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा पाठवा.

मेक्सिकोने या पैशाला वळण लावून पाहिलं. परदेशात गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळाने एक पेसो दिला की केंद्र, राज्य आणि नगरपालिका प्रत्येकी एक घालत. रस्ते झाले, पाणी आलं. पण ज्या गावांची मंडळं भक्कम, तिथेच निधी गेला. सर्वांत गरीब गावांतल्या लोकांना परदेशी जाणंच परवडत नव्हतं, मग मंडळ कुठून उभं राहणार?

तैवानने पैशाऐवजी माणसं बोलावली. १९८०मध्ये सिंचू विज्ञान पार्क उघडलं, अमेरिकेतल्या अभियंत्यांना परतायला जागा दिली. अमेरिकेत कारकीर्द केलेले अभियंते मॉरिस चँग तर मूळचे तैवानचेही नव्हते; १९८७मध्ये त्यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभी केली, तेव्हा जवळपास निम्मं भांडवल सरकारचं होतं.

‘ते येतात आणि आमचे पगार पाडतात’ हे यजमान देशांत नेहमी ऐकू येतं. १९८०मध्ये क्यूबातून सव्वा लाख लोक अमेरिकेत आले, मायामीतले कामगार ७ टक्क्यांनी वाढले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना तिथल्या पगारांवर जवळजवळ परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी पुढे कमी शिकलेल्या पुरुषांचे पगार पडल्याचं मांडलं. वाद अजून मिटलेला नाही.

मला जास्त सलतं ते वाया जाणारं कौशल्य. प्रशिक्षित नर्स परवान्याअभावी साफसफाईचं काम करते, तेव्हा शिकवणारा देश आणि बोलावणारा देश दोघंही गमावतात. कागदपत्रांची पडताळणी, भाषेची परीक्षा आणि शक्य तिथे परवान्याची परीक्षाही निघण्यापूर्वीच मायदेशात उरकायची सोय हवी, आणि तिचा खर्च बोलावणाऱ्याने उचलायला हवा.