वाहन: पायी

आमच्या रस्त्याची फेररचना करायची म्हणून नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. सायकल ट्रॅक, गतिरोधक, फुटपाथ वगैरे. म्हटलं, बैठकीला सायकलवरच जावं. तिथेच चुकलं.

गेटवर वॉचमन. "भाऊ, सायकल आत नाही."

(स्कूटरवर असतो तेव्हा हाच माणूस मला साहेब म्हणतो.)

"पार्किंग दिसतंय की."

"ते टू-व्हीलरचं."

"हिलाही दोनच चाकं आहेत."

त्याने वाकून खरोखर मोजली. "पण नंबर कुठंय? रजिस्टरात गाडी नंबर लागतो."

"फ्रेमवर कोरलाय, तो लिहा."

"तसला नाही. एमएच पंधरावाला."

मागे हॉर्न सुरू झाले. शेवटी त्यानेच तोडगा काढला. सायकल बाहेर कडुलिंबाला बांधायची आणि वाहनाच्या रकान्यात लिहायचं 'पायी'. मी निमूट सही केली.

आत एक काका बोलत होते. ट्रॅकला त्यांचा पूर्ण पाठिंबा होता, फक्त त्यावर गाडी लावू द्यावी. टाळ्या पडल्या. मी रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं माप लिहून नेलं होतं. गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद जाते. आमच्या गल्लीतला चढताना पांडवलेणीची आठवण येते, उतरताना मणक्यांची. हे सगळं सांगायला उठलो, तर व्यासपीठावरून प्रश्न आला, "पण सायकल चालवतं कोण? आजचंच बघा." रजिस्टर मागवलं. दुचाक्या पानभर, चारचाक्या अर्धं पान, पायी एक. सायकल शून्य.

"तो पायी मीच," मी म्हणालो. "सायकलवर आलोय."

"मग पायी का लिहिलंत? सहीसुद्धा तुमचीच आहे."

हशा झाला. मला नाही आलं हसू. याच नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली सायकलवर अख्खी अमेरिका आडवी पार केली, आणि मला रोज गंगापूर रोड ओलांडताना कुलदैवत आठवतं. रस्ता सिंहस्थासाठी पुन्हा उकरला जाईल, पुन्हा सूचना मागवतील, शून्य मात्र कायम राहील. ते माझ्याच सहीचं.

बाहेर येऊन कुलूप काढत होतो. वॉचमन जवळ आला. पडल्या चेहऱ्याची दया आली असावी.

"भाऊ, पुढच्या टायमाला गाडी आणा. आत सावलीत लावून देतो."